कर्नल निवळला, तेव्हा दिसलेला गाळ

४८,००० हर्ट्झवर ६४ फ्रेमचा एक पीरियड, म्हणजे साउंड कार्डला एका खेपेत मिळणारा आवाजाचा तुकडा, जेमतेम १.३३ मिलिसेकंदांचा. तेवढ्यात पुढचे नमुने पोहोचले नाहीत की स्पीकरमधून ‘टक्’ होतं आणि जॅक या ऑडिओ सर्व्हरच्या नोंदीत एक एक्सरन (वेळ चुकल्याची खूण) वाढतो.

लिनक्समध्ये याचं खापर आधी कर्नलच्या, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्याच्या, माथी फुटायचं, आणि ते रास्तच होतं. २.२ आणि २.४ च्या काळात डिस्कवर लिहिणं चालू असलं की कर्नल कितीतरी मिलिसेकंद हातचं काम सोडत नसे. इंगो मोलनार आणि अँड्र्यू मॉर्टन यांच्या लो-लेटन्सी (कमी विलंबाच्या) पॅचनी त्या लांबलचक कामांत मध्ये थांबे घातले. रॉबर्ट लव्ह यांचं प्रीएम्प्शन (कर्नलचं काम मध्येच थांबवून तातडीच्या कामाला वाट देणं) २००३ अखेरच्या २.६ मध्ये आलं, २०११ मध्ये इंटरप्टना (हार्डवेअरच्या ‘आधी माझं बघ’ अशा हाकांना) थ्रेडमध्ये टाकणारा बूट पर्याय आला. पूर्ण प्रीएम्प्ट-आरटी, म्हणजे रिअल-टाइम कामासाठीचा पॅच, मुख्य कर्नलमध्ये यायला मात्र नोव्हेंबर २०२४, म्हणजे ६.१२ उजाडलं.

तरीही काही यंत्रं टकटकत राहिली. कारण कर्नलच्याही खाली होतं: एसएमआय, म्हणजे सिस्टिम मॅनेजमेंट इंटरप्ट. इंटेलच्या ३८६एसएलपासून, १९९० पासून चालत आलेला हा इंटरप्ट आला की प्रोसेसर सगळं टाकून फर्मवेअरचा कोड चालवतो: पंखा, बॅटरी, यूएसबी कीबोर्डला जुन्या कीबोर्डचं सोंग देणं. कर्नलला तो अडवता येत नाही. इंटरप्टच्या यादीत त्याची नोंदही नसते.

चोर दिसत नसेल तर चोरीला गेलेला वेळ मोजायचा. कर्नल ४.९ मधला हार्डवेअर लेटन्सी ट्रेसर हेच करतो. एका कोअरवर इंटरप्ट बंद करून घड्याळ सलग वाचत राहतो. दोन वाचनांत १० मायक्रोसेकंदांहून मोठी फट पडली की ती नोंदवतो. मूळ सेटिंगला दर सेकंदातला अर्धा सेकंद हे चालतं, म्हणून चाचणीच्या वेळी गाणं लावू नका. तेव्हाचे एक्सरन ट्रेसरचेच असतात. व्हर्च्युअल मशीनमधले आकडेही निरुपयोगी.

इंटेलवर सोबत टर्बोस्टॅट या प्रोग्रॅमचा एसएमआय रकाना बघावा. एक्सरनच्या क्षणी तो आकडा वाढत असेल तर बायॉसमध्ये लेगसी यूएसबी (तेच जुन्या कीबोर्डचं सोंग) बंद करून पुन्हा मोजावं, मग फर्मवेअर अपडेट. शून्यावरच राहिला तर मोर्चा खोल सी-स्टेट (प्रोसेसरची वीज वाचवणारी झोप), वायफाय ड्रायव्हर किंवा साउंड कार्ड लावलेल्या यूएसबी हबकडे वळवावा. एसएमआय सरसकट बंद करायचा जालीम उपाय शक्यतो टाळावा. काही बोर्डांवर प्रोसेसरच्या तापमानाची राखणही त्याच वाटेने होते.