मतदानाचे प्रमाण आणि सरकारची अधिमान्यता

मतदार यादीत नावे असलेल्यांपैकी किती जणांनी मत दिले, याची टक्केवारी म्हणजे मतदानाचे प्रमाण. ते घसरले की निवडून आलेल्या सरकारला लोकमान्यता कितपत आहे, असा प्रश्न उभा राहतो. भारतात कायद्याच्या दृष्टीने तो उद्भवत नाही. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ मध्ये किमान मतदानाची अट नाही. पडलेल्या वैध मतांत जो पुढे, तो विजयी. रिंगणात एकच उमेदवार उरला तर मतदानच होत नाही. २०२४ मध्ये सुरतला लोकसभेची जागा अशीच बिनविरोध गेली.

या वादातले सर्वांत बोलके उदाहरण पंजाबचे. १९८७ पासून तेथे राष्ट्रपती राजवट होती. जून १९९१ ची निवडणूक उमेदवारांच्या हत्यासत्रानंतर ऐनवेळी रद्द झाली. फेब्रुवारी १९९२ मध्ये ती घेतली गेली, तेव्हा प्रमुख अकाली गटांनी बहिष्कार टाकला आणि मत देणाऱ्यांना अतिरेक्यांनी धमकावले. मतदान जेमतेम २४ टक्के झाले. काँग्रेसने ११७ पैकी ८७ जागा जिंकल्या आणि बेअंत सिंग मुख्यमंत्री झाले. सरकार कायदेशीर होते, पण ते लोकांचे आहे असे म्हणणे अवघड होते. पुढे वर्षभरातच नगरपालिका आणि पंचायतींच्या निवडणुकांना मतदारांनी रांगा लावल्या. राज्यकारभाराला जी मान्यता मिळाली, ती या निवडणुकांतून. विधानसभेच्या निकालाने ती मिळाली नव्हती.

बांगलादेशात फेब्रुवारी १९९६ मध्ये विरोधकांच्या बहिष्कारामुळे मतदान जवळपास इतकेच कमी झाले. तिथले सरकार मात्र दीड महिन्यात पायउतार झाले आणि जूनमध्ये पुन्हा निवडणूक घ्यावी लागली. टक्केवारी सारखी, परिणाम वेगळे. म्हणून नुसत्या आकड्यावरून सरकारचा निवाडा करता येत नाही. मतदार घरी का बसला, भीतीने, रागाने की कंटाळ्याने, हे आधी पाहावे लागते.

मतदान भरघोस झाले तरी बहुमताचा अर्थ जपूनच लावावा लागतो. २०१४ मध्ये देशात ६६ टक्के मतदान झाले आणि भाजपला त्यातली ३१ टक्के मते मिळाली; म्हणजे एकूण मतदारांपैकी साधारण पाचवा हिस्सा. १९८४ च्या काँग्रेस लाटेतही हे प्रमाण एक तृतीयांशाच्या आतच होते.

शिवाय आकडा काढताना भागायचे ते यादीतल्या नावांनी. मयत, स्थलांतरित आणि दुबार नावे वगळली नसतील, तर टक्का आपोआप खाली दिसतो. महानगरांत हा दोष ठळक असतो. तरीही २०२४ च्या विधानसभेला राज्यात ६६ टक्के मतदान होत असताना कुलाब्यात ४४ टक्के झाले, याचे सगळे खापर यादीवर फोडणे पटत नाही.

मतदान वाढवण्याचे कायदेशीर उपाय दुधारी ठरले आहेत. ऑस्ट्रेलियात १९२४ पासून मतदान सक्तीचे आहे आणि विनाकारण गैरहजर राहिल्यास दंड होतो. सर्बियाने राष्ट्राध्यक्षपदासाठी निम्म्या मतदारांच्या सहभागाची अट ठेवली होती. २००२-०३ मध्ये त्यापायी लागोपाठ निवडणुका वाया गेल्या आणि २००४ मध्ये ती अटच काढून टाकावी लागली.