देणगी कुणाच्या खात्यात? बिझनेस स्कूलच्या माजी विद्यार्थ्यांच्या मदतीची पार्श्वभूमी

1961 साली कोलकाता आणि अहमदाबादला केंद्र सरकारच्या व्यवस्थापन संस्था (आयआयएम) निघाल्या, 1965 मध्ये चर्चगेटला मुंबई विद्यापीठाची जमनालाल बजाज संस्था. सुरुवातीच्या बॅचेसची मदत साधीसुधी होती: आपल्या कंपनीत समर इंटर्नशिपची जागा काढायची, संध्याकाळी येऊन एखादं लेक्चर घ्यायचं. पैशाचा प्रश्न फारसा नव्हताच, कारण बराचसा खर्च सरकार उचलत होतं. उदारीकरणानंतर संस्थांना स्वतःचा खर्च स्वतः काढायला सांगितलं गेलं, फी वाढत गेली आणि माजी विद्यार्थ्यांच्या देणगीला खरं महत्त्व आलं.

नेमक्या त्याच वेळी, 2003 मध्ये, केंद्रात एक निर्णय झाला. आयआयटींसह केंद्राच्या उच्चशिक्षण संस्थांना मिळणाऱ्या देणग्या थेट संस्थेकडे न जाता भारत शिक्षा कोष या केंद्राच्या निधीमार्फत जाव्यात, असं ठरलं. नामांकित संस्थांकडेच पैसा का जावा, प्राथमिक शाळांनाही मिळायला हवा, हा त्यामागचा युक्तिवाद. हेतूला नावं ठेवण्याचं कारण नाही. पण देणारा माणूस कसा विचार करतो, हे त्यात अजिबात धरलेलं नव्हतं. आपल्या हॉस्टेलमधल्या, आपल्यासारख्याच घरातून आलेल्या मुलाची फी भरायची म्हणून तो चेक लिहितो. तो चेक आधी दिल्लीला जाणार म्हटल्यावर हात आखडतोच, आणि तसंच झालं. परदेशातल्या माजी विद्यार्थ्यांनी उघड नाराजी व्यक्त केली.

पाठोपाठ फेब्रुवारी 2004 मध्ये व्यवस्थापन संस्थांची वार्षिक फी दीड लाखावरून 30 हजारांवर आणण्याचा आदेश निघाला. तूट सरकार अनुदानातून भरून देणार होतं. सर्वसामान्य घरातल्या मुलांना फी परवडली पाहिजे, ही बाजू खोटी नव्हती. संस्थांचं म्हणणं होतं की प्रवेश मिळालेला कुणीही पैशाअभावी परत जात नाही, कर्ज आणि शिष्यवृत्ती आहे. अनुदानावर अवलंबून राहिलं की कारभारही मंत्रालयाच्या हाती जाईल. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. मे महिन्यात सरकार बदललं आणि नव्या सरकारने फीकपात मागे घेतली. थेट देणगीची वाटही मोकळी झाली. माझ्या मते आजची सगळी व्यवस्था त्या वर्षभराच्या झगड्यातून आली आहे. फी वाढवायची मोकळीक मागायची, तर गरजू विद्यार्थ्याची सोय आपणच लावायची, ही जबाबदारी संस्थांवर आणि त्यांच्या माजी विद्यार्थ्यांवर आपोआप येऊन पडली.

ती किती मोठी आहे, हे 2008 मध्ये दिसलं. अहमदाबादची दोन वर्षांची फी साडेअकरा लाखांवर गेली, सोबत कौटुंबिक उत्पन्नानुसार शिष्यवृत्त्या आल्या. त्याच सुमारास ओबीसी आरक्षणामुळे जागाही वाढत होत्या. आता तिथली फी 20 लाखांच्या पुढे आहे.

2017 चा आयआयएम कायदा पुढच्या वर्षी लागू झाला आणि नियामक मंडळावर माजी विद्यार्थ्यांना जागा मिळाल्या. 2020 मध्ये अहमदाबादच्या दहा माजी विद्यार्थ्यांनी 100 कोटींच्या वचनावर कायमनिधी उभा केला. मुद्दल शाबूत, खर्च फक्त उत्पन्नातून. म्हणजे एखाद्या वर्षी मंदी आली, देणग्या आटल्या, तरी शिष्यवृत्ती थांबत नाही.

हे जुन्या संस्थांना जमतं. नागपूरची आयआयएम 2015 ची. तिचे बहुतेक माजी विद्यार्थी अजून तरुण आहेत, काहींचे शिक्षणकर्जाचे हप्तेही चालू असतील. त्यांच्याकडून कोटींची अपेक्षा करणं चूक. अशा ठिकाणी सिनियर वेळ देतात, आणि समर इंटर्नशिपच्या मुलाखतींआधी तो पैशाइतकाच मोलाचा असतो. रात्री ऑफिस सुटल्यावर व्हिडिओ कॉलवर ज्युनियरचा सीव्ही उघडायचा आणि ओळ न् ओळ विचारायची: 'टीमचं नेतृत्व केलं' म्हणजे किती जणांचं? विक्री वाढली ती तुझ्यामुळे की सणासुदीमुळे? छोट्या गावातून आलेल्या, घरात कुणीच कॉर्पोरेट नोकरी न केलेल्या मुलाला हे प्रश्न मुलाखतीआधी दुसरं कुणी विचारत नाही.