वारेच्या पेशी आणि एचआयव्हीची औषधे: प्रश्न कसा बदलत गेला

१९९४ मध्ये ‘एसीटीजी ०७६’ चाचणीचे निकाल आले आणि गरोदरपणातल्या एचआयव्ही उपचाराचा नूरच पालटला. प्लासिबो (औषध नसलेली गोळी) घेतलेल्या गटात २५.५ टक्के बाळांना लागण झाली होती, झिडोव्ह्युडिन हे एचआयव्हीविरोधी औषध घेतलेल्या गटात ८.३ टक्के. वेळापत्रक किचकट होते: १४ ते ३४ आठवड्यांच्या दरम्यान सुरुवात, १०० मिलिग्रॅम दिवसातून पाच वेळा, कळा लागल्यावर शिरेतून, नंतर बाळाला सहा आठवडे दर सहा तासांनी सिरप. त्या काळात वारेविषयी (प्लासेंटाविषयी) मुख्यतः एकच चौकशी व्हायची: औषध पलीकडे, बाळाकडे, किती जाते?

ते मोजायला प्रयोगशाळा प्रसूतिगृहाच्या जवळच हवी. वार पडल्यावर साधारण अर्ध्या तासात तिचा न फाटलेला एक खंड निवडायचा, गर्भाकडच्या धमनीत आणि शिरेत बारीक नळ्या बसवायच्या, आईकडच्या बाजूने सुया टोचून ३७ अंश सेल्सिअसचे द्रावण खेळते ठेवायचे. गर्भाकडचे द्रावण तासाला ३ मिलिलिटरपेक्षा जास्त गळू लागले की तो खंड बाद. सोबत अँटिपायरिन हे खुणेचे रसायन सोडतात. ते सहज आरपार जाते, त्यामुळे दोन्ही बाजूंचे प्रवाह नीट जुळलेत का ते कळते. आकडे चुकतात ते बहुधा द्रावणात अल्ब्युमिन हे रक्तातले प्रथिन न घातल्याने. लोपिनाव्हिरसारखी प्रोटीएज रोधके (विषाणूच्या प्रोटीएज या एन्झाइमला अडवणारी औषधे) रक्तात ९८-९९ टक्के प्रथिनांना चिकटलेली असतात. प्रथिनेच नसली की मोकळे औषध भरमसाट होते आणि पलीकडे गेल्याचा आकडा फुगतो.

अशा प्रयोगांतून आणि नाळेच्या रक्ताच्या तपासण्यांतून चित्र स्पष्ट झाले. झिडोव्ह्युडिन जवळपास आईच्या रक्ताइतकेच बाळाकडे पोचते, प्रोटीएज रोधके फार थोडी. वारेच्या बाहेरच्या थरातल्या, म्हणजे सिन्सिशियोट्रोफोब्लास्टच्या, आईकडच्या पडद्यावर पी-ग्लायकोप्रोटीन नावाचा पंप असतो. तो ही औषधे परत आईच्या रक्तात फेकतो. पण दिवस भरत येतात तसा हा पंप कमी होत जातो. म्हणून प्रसूतीनंतरच्या वारेवरून तिसऱ्या महिन्याचा अंदाज बांधणे धोक्याचे.

औषध खुद्द वारेच्या पेशींचे काय करते, हा प्रश्न नेटाने पुढे आला तो १९९९ नंतर. फ्रान्समध्ये गर्भात असताना झिडोव्ह्युडिन, काहींना जोडीला लॅमिव्ह्युडिनही, मिळालेल्या आठ मुलांत मायटोकॉन्ड्रियाचा, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या भागांचा, बिघाड आढळला. ही न्यूक्लिओसाइड गटातली औषधे विषाणूच्या एन्झाइमबरोबर पेशीतल्या डीएनए पॉलिमरेज गॅमा या, मायटोकॉन्ड्रियाच्या डीएनएची नक्कल करणाऱ्या, एन्झाइमलाही अडवतात आणि मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए घटू शकतो. वारेच्या ऊतीत तो मोजणाऱ्यांचे निष्कर्ष मात्र जुळले नाहीत. अडचण उघड आहे: एचआयव्ही स्वतःही तो घटवू शकतो, त्यामुळे औषधाचा वाटा वेगळा काढणे कठीण.

प्रोटीएज रोधकांचा धागा वेगळा. बोट्स्वानातल्या ‘म्मा बाना’ चाचणीत ती घेणाऱ्या मातांत अकाली प्रसूती २१.४ टक्के होत्या, तर तीन न्यूक्लिओसाइड औषधांच्या गटात ११.८ टक्के. २०१५ च्या सुमारास टोरोंटोच्या गटाने पेशींच्या प्रयोगांत दाखवले की डारुनाव्हिर वगळता तपासलेली प्रोटीएज रोधके ट्रोफोब्लास्टमधले (वारेच्या बाहेरच्या थराच्या पेशींमधले) प्रोजेस्टेरॉन हे गरोदरपण टिकवणारे संप्रेरक घटवतात. पण असे प्रयोग बहुतेक वेळा बीवो या कर्करोगी पेशींवर होतात. त्या वाढवायला सोप्या, वारेच्या हुबेहूब प्रतिकृती मात्र नव्हेत.

एकेकाळी भारतात प्रसूतीच्या वेळी २०० मिलिग्रॅम नेव्हिरापिनची एकच गोळी दिली जाई. वारेचा औषधाशी संबंध काही तासांचा. २०१४ पासून गरोदर मातेला आजन्म उपचार सुरू झाले. त्यामुळे पुढच्या गरोदरपणात वार पहिल्या दिवसापासून औषधातच घडते, आणि सुरुवातीच्या पेशींचा अभ्यास तातडीचा झाला.

डोल्युटेग्राव्हिर या नव्या एचआयव्ही औषधाने हे ठळक केले. २०१८ मध्ये बोट्स्वानाच्या त्सेपामो अभ्यासात गर्भधारणेच्या वेळी ते घेणाऱ्या ४२६ मातांच्या बाळांत मज्जानलिकेचे (गर्भातल्या ज्या नळीतून मेंदू आणि मज्जारज्जू घडतात तिचे) चार दोष दिसले. ही नलिका नीट घडायला फोलेट हे जीवनसत्त्व लागते; म्हणून हे औषध पेशीवरच्या फोलेट पकडणाऱ्या ग्राहकाला अडवते का, याचा शोध लागलीच सुरू झाला. एका गटाला अडथळा दिसला, दुसऱ्याने तो नेहमीच्या मात्रेत नगण्य ठरवला. मातांची संख्या वाढत गेली तसा त्सेपामोतला इतर औषधांशी असलेला फरक विरला. भारताच्या २०२१ च्या राष्ट्रीय मार्गदर्शिकेत गरोदर मातांसाठीही टेनोफोव्हिर ३००, लॅमिव्ह्युडिन ३०० आणि डोल्युटेग्राव्हिर ५० मिलिग्रॅमची एकच रोजची गोळी आहे. लोह-कॅल्शियमच्या गोळ्या सोबत असतात, म्हणून ती त्यांच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर घ्यावी, नाहीतर सगळे जेवणासोबत. उपाशीपोटी एकत्र घेतल्यास डोल्युटेग्राव्हिर आतड्यातच धातूंशी बांधले जाते आणि रक्तात कमी उतरते.