पहिला पीसी म्हणजे निवड निर्देशांक नव्हे

पीक पैदाशीच्या प्रबंधांत एक वाक्य हमखास भेटतं: ‘पहिल्या पीसीचा स्कोअर सर्वाधिक असलेले वाण निवडले.’ दर वेळी वाचून चिडचिड होते, कारण वाण निवडायला निवड निर्देशांक असतो: प्रत्येक गुणधर्माला त्याच्या मोलाचा विचार करून भार देऊन काढलेला एकच आकडा.

पीसीए (प्रिन्सिपल कॉम्पोनंट अ‍ॅनॅलिसिस) म्हणजे अनेक गुणधर्मांच्या आकड्यांतून मोजक्या एकत्रित दिशा, म्हणजे पीसी, काढायची सांख्यिकी पद्धत; वाणाचा त्या दिशेवरचा आकडा म्हणजे स्कोअर. बहुतेकांना हे येतं, त्यामुळे जास्त उजळणी नको. गोंधळाचं मूळ असं की पीसीए आणि निवड निर्देशांक या दोन्ही पद्धती अनेक गुणधर्मांना भार देऊन त्यांची एकच बेरीज करतात. पण हे भार येतात कुठून?

पीसीएमध्ये भार ठरवते निव्वळ विविधता. ज्या दिशेला वाणांत सर्वाधिक फरक, ती पहिली पीसी. तो फरक आनुवंशिक की जमिनीच्या चढउताराचा, हवासा की नकोसा, हे पीसीएला कळत नाही. गव्हाच्या जुन्या-नव्या वाणांचा मिश्र संच घ्या. पहिल्या पीसीत बहुधा उंची, फुलोऱ्याचे दिवस आणि एकूण काड या गुणधर्मांना मोठे भार मिळतील. सर्वात मोठा स्कोअर म्हणजे मग उंच, उशिरा येणारा आणि वाऱ्यात लोळणारा गहू! शिवाय पीसीचं चिन्ह (अधिक की उणे) मनमानी असतं. त्याच आकड्यांवर दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये सगळे भार उलट्या चिन्हाने आले, तर यादी खालून वर होते. तरीही दोन्ही उत्तरं गणिताने बरोबरच.

निर्देशांकाचं तसं नाही. स्मिथने १९३६ मध्ये गव्हाच्या निवडीसाठी आणि हेझलने १९४३ मध्ये पशुपैदाशीसाठी मांडलेल्या सूत्रात तीन गोष्टी लागतात: दृश्य कोव्हेरियन्स (प्रत्यक्ष मोजलेले गुणधर्म एकमेकांसोबत किती बदलतात), आनुवंशिक कोव्हेरियन्स (त्यातला आनुवंशिक भाग) आणि प्रत्येक गुणधर्माचं आर्थिक मोल. उंची नको असेल तर तिचं मोल उणे धरायचं. दाण्याचं वजन वाढवताना दाण्यांची संख्या घटते, हा ताण आनुवंशिक कोव्हेरियन्समधून हिशेबात येतो. ‘चांगलं’ म्हणजे काय, हे पैदासकाराला आधीच ठरवावं लागतं. मला वाटतं, ते टाळायलाच लोक पीसीएकडे पळतात.



पीसीए मला आवडतो, पण संकरासाठी दूरचे पालक शोधायला, संग्रहातले जवळजवळ सारखे नमुने ओळखायला. त्याने वाणांची क्रमवारी लावू नये. वाण थोडे असल्याने आनुवंशिक कोव्हेरियन्सचा अंदाज डळमळीत असेल, तर गुणधर्म प्रमाणित करून (म्हणजे सगळे एकाच मापपट्टीवर आणून) त्यांना थेट आर्थिक मोलाचा भार द्या. मोल अंदाजाने धरलं तरी चालेल, फक्त प्रबंधात ते का धरलं हे लिहा.