मुंबईच्या खिडकीत तिसरी काच आली कुठून

हल्ली मुंबईत फ्लॅटचं काम काढलं की खिडकीवाला कोटेशनमध्ये तीन भाव लिहून देतो, साधी एक काच, डीजीयू म्हणजे मध्ये हवा कोंडलेल्या दोन काचा, आणि ट्रिपल म्हणजे तीन काचा, आणि घरातलं कोणीतरी म्हणतंच की एवढा खर्च होतोच आहे तर ट्रिपलच टाकू, परत कटकट नको. त्या तिसऱ्या भावामागचा इतिहास मात्र आपल्या गावाचा नाहीच.

मुळात हे सगळं थंडीसाठी सुरू झालं. दोन काचांमध्ये हवा कोंडून ठेवायच्या कल्पनेचं पेटंट अमेरिकेत १८६५ सालीच निघालं होतं, पण कारखान्यात सील करून येणारी काच घराघरात पोचायला दुसरं महायुद्ध उलटून जावं लागलं. तिसऱ्या काचेने जोर धरला तो १९७३ च्या तेलसंकटानंतर. तेल महागल्यावर स्वीडनसारख्या देशांनी घर गरम ठेवायचा खर्च वाचवायला नियमच कडक केले. मग काचेवर चांदीचा अतिशय पातळ थर द्यायचं तंत्र आलं, मधल्या पोकळीत हवेऐवजी आर्गॉन वायू भरायला लागले, आणि १९९१ ला जर्मनीत डार्मश्टाटला जे पहिलं पॅसिव्ह हाउस, म्हणजे अगदी कमी ऊर्जेत उबदार राहणारं घर, उभं राहिलं त्यात तीन काचांच्या खिडक्या होत्या. तिथे कडाक्याच्या थंडीत बाहेर उणे १० आणि आत २०, म्हणजे काचेच्या दोन्ही बाजूंत ३० अंशांचा फरक, आणि एरवीही बराच फरक महिनोन्‌महिने.

आपल्याकडे? बाहेर ३४, आत एसी २४ वर (२०२० पासून नवीन एसी तसेही २४ वरच सेट होऊन येतात). फरक १० अंश. साध्या एका काचेतून या फरकाने दर चौरस मीटरला साधारण ५७ वॅट उष्णता आत येते, दोन साध्या काचांतून २८ च्या आसपास, तीन साध्या काचांतून १८-१९. म्हणजे दुसऱ्या काचेने वाचले २९ वॅट आणि तिसरीने फक्त ९-१०. आणि हे सगळं ऊन सोडून. एप्रिलमध्ये दुपारी चार वाजता पश्चिमेच्या खिडकीवर चौरस मीटरला ६०० वॅटच्या घरात ऊन आदळत असतं, त्यातलं साधी काच ८० टक्के आत सोडते आणि तीन साध्या काचा लावल्या तरी निम्म्याहून जास्त येतंच. तेच बाहेरच्या काचेला आतल्या अंगाने ऊन परतवणारं कोटिंग असलेल्या दोनच काचा लावल्या तर पाऊण हिस्सा बाहेर राहतो. मुंबईत गरमीचा प्रश्न काचा किती यापेक्षा कोटिंग कुठलं आणि वर छज्जा आहे की नाही यावर सुटतो.

छज्ज्याची अक्कल इथे आधीपासून होती. चाळीत लाकडी झडपा, १९३० च्या दशकातल्या मरीन ड्राइव्हच्या इमारतींना खिडक्यांवर भुवईसारखे छज्जे आणि स्टीलच्या बारीक चौकटी. नंतर ॲल्युमिनियमचा स्लायडर आला, बाल्कन्या बंद करून हॉल मोठे केले गेले, आणि दोन ट्रॅकवर काचा नि तिसऱ्यावर मच्छरजाळी अशी थ्री ट्रॅकची खिडकी प्रत्येक सोसायटीत दिसायला लागली. छज्जे मात्र दरम्यान आखूड होत गेले. १९९० च्या दशकात फ्लोट काच देशातच बनायला लागली, अंकलेश्वर आणि तळोज्याला. त्याआधीच्या शीट ग्लासमधून डोकं हलवलं की समोरची बिल्डिंग लाटेसारखी हलायची, ते तिथून बंद झालं, आणि एकसारखी सपाट काच हाताशी आल्यावरच दोन-तीन काचांचं युनिट इथे जुळवणं परवडायला लागलं.

पण मुंबईकराने तिसरी काच विचारायला सुरुवात केली ती गरमीने नाही, आवाजाने. १९९५ नंतर पन्नासेक उड्डाणपुलांची योजना आली, मोहम्मद अली रोडवरचा जवळपास अडीच किलोमीटरचा पूल २००२ ला सुरू झाला आणि दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यावरच्या बेडरूमबाहेर हाताच्या अंतरावरून गाड्या जायला लागल्या. २०१४ ला वर्सोवा-घाटकोपर मेट्रो, २०२२ ला दहिसर-अंधेरीच्या दोन लाइनी, सगळ्या खांबांवरून. विमानांचं पार्ले-कुर्लावाल्यांना सांगायला नको. कागदावर रहिवासी भागाची मर्यादा २००० सालच्या नियमांपासून दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री दहा ते सहा ४५ आहे, ती कुठल्या रस्त्यालगतच्या घरात पाळली जाते ते शोधावंच लागेल. बाहेरचा आवाज कमी होणार नाही हे लोकांनी मान्य केलं आणि खर्च आपल्या खिडकीवर घेतला, खरी गोष्ट ही आहे आणि ती फारशी कौतुकाची नाही.

इथेच वादाचा प्रश्न येतो, आवाजासाठी डबल की ट्रिपल. विकणारे म्हणतात तीन काचा म्हणजे जास्त शांतता. ऐकायला पटतं. पण आवाज अडतो तो काचेच्या एकूण वजनाने, दोन काचांमधल्या अंतराने, काचांची जाडी वेगवेगळी असण्याने आणि फट नसण्याने. चार-चार मिमीच्या तीन काचा १२ मिमीच्या गॅपने लावल्या तर त्या सहा-सहाच्या दोन काचांपेक्षा कानाला जवळपास काहीच वेगळं देत नाहीत, कारण वजन तेवढंच, १२ मिमी काच इकडेही आणि तिकडेही. उलट छोट्या गॅपमध्ये कोंडलेली हवा स्प्रिंगसारखी वागते आणि एका ठराविक खालच्या सुरावर दोन्ही काचा मिळून थरथरतात, ६-१२-६ मध्ये तो सूर २०० हर्ट्झच्या आसपास पडतो. बेस्टची बस, डंपर, मिरवणुकीतला डीजे, सगळ्यांची घरघर त्याच भागात किंवा त्याच्याही खाली. म्हणून लोक सांगतात की हॉर्न कमी झाला पण ढमढम तशीच येते. ते खोटं बोलत नसतात.

मग काय चालतं? एक काच जाड आणि एक पातळ, त्यातली एक लॅमिनेटेड, म्हणजे दोन काचांमध्ये प्लास्टिकचा मऊ थर असलेली, आणि गॅप जमेल तितका मोठा. त्याहून भारी उपाय म्हणजे जुनी खिडकी आहे तशी ठेवून आतल्या बाजूने चारेक इंच सोडून दुसरी खिडकी लावणं. जुन्या बिल्डिंगच्या नऊ इंची विटांच्या भिंतीत हे आरामात बसतं, नवीन टॉवरमध्ये मिवानच्या, म्हणजे साच्यात ओतलेल्या काँक्रीटच्या, सहा-सव्वासहा इंची भिंतीत अडचण होते. आणि फट. खिडकीच्या क्षेत्रफळाच्या फक्त १ टक्का फट उघडी राहिली तर काच कितीही महाग असो, २० डेसिबलच्या पुढे काही अडत नाही. स्लायडर म्हणजे तर ब्रशच्या पट्टीवर चालणारा फटींचा कारखानाच, त्यात ट्रिपल टाकणं म्हणजे पैसे ट्रॅकमध्ये ओतणं (माझं मत). रबर गॅस्केटवर दाबून बंद होणारी, दारासारखी उघडणारी ओपनेबल खिडकी हवी.

ओपनेबल म्हटलं की ग्रिल आडवी येते. बाहेर उघडायची तर ग्रिलला धडकते, आत उघडायची तर पडदा, कपाट आणि खिडकीखालचा बेड सगळं हलवा. वजनाचं वेगळंच, काच एक मिमी जाडीला चौरस मीटरमागे अडीच किलो भरते, म्हणजे पाच मिमीच्या तीन काचांची चार बाय पाच फुटांची खिडकी नुसत्या काचेचीच ७० किलो. बिजागऱ्या, रोलर, चौकट सगळं त्या हिशोबाचं लागतं, आणि चौकटीच्या जुन्या सेक्शनमध्ये ३६ मिमी जाडीचं युनिट घुसतही नाही. त्यात समुद्राची हवा आणि ऊन. कडेचं सील गेलं की मध्ये धुकं धरतं, ते बाहेरून पुसून जात नाही, अख्खं युनिटच बदलायचं. पावसाळ्यात एसी २० वर लावला की साधी काच बाहेरून घामेजते आणि बोटाने नाव लिहिता येतं, ते डीजीयूने थांबतं हा फायदा खरा, पण त्याला दोन काचा पुरतात.

२०१८ ला घरांसाठी इको निवास संहिता आली, त्यात भिंती-खिडक्यांतून येणारी उष्णता दर चौरस मीटर १५ वॅटच्या आत ठेवायचं सांगितलंय आणि त्याचबरोबर आपल्यासारख्या दमट हवेत खिडक्यांचा उघडता येणारा भाग घराच्या कार्पेट एरियाच्या एक षष्ठांश तरी हवा असंही. म्हणजे एकीकडे उष्णता अडवा, दुसरीकडे हवा येऊ द्या. कागदावर हे जुळतं, मेट्रोच्या खांबाशेजारी जुळत नाही, कारण आवाजासाठी खिडकी बंद ठेवली की हवा नाही, मग बारा महिने एसी.

सध्याचा पेच त्याहून साधा आहे. ६०-७०-८० च्या दशकातल्या बिल्डिंगा रिडेव्हलपमेंटच्या रांगेत आहेत, तिथे कमिटी एनओसी देताना पहिलं विचारते की बाहेरून खिडकी एकसारखी दिसेल ना, आणि घरवाले विचारतात की चार वर्षांत बिल्डिंग पडणार असेल तर लाखभर कशाला घालू. नवीन टॉवरमध्ये खिडकी बिल्डर ठरवतो आणि पझेशननंतर बाहेरून हात लावू देत नाही. त्यामुळे आवाजाने हैराण झालेल्यांपैकी बरेच जण शेवटी आतून दुसरी खिडकी लावून घेतात. तिने बाहेरून खिडकी बदललेली दिसत नाही आणि बिल्डिंग पडायची वेळ आली तर काढून नेता येते.