जोड लावण्याचा प्रश्न : पॉवरलिफ्टिंगमधील देहमान, ताकद आणि साधने

बडोद्याच्या कमाटीबागेतील संग्रहालयात एक दगड ठेवलेला आहे. गामा पहिलवानाने १९०२ साली तो उचलला, असे सांगितले जाते, आणि वजन विचारले की उत्तर ठरलेले असते : बाराशे किलो. गामाने त्या वेळी पंचविशीही गाठलेली नव्हती. गावाचा अभिमान म्हणून ही गोष्ट मीही पाहुण्यांना सांगत आलो आहे. पण लोखंडाशी थोडासा संबंध आलेल्या माणसाला या आकड्यापाशी अडखळल्यावाचून पुढे जाता येत नाही. आइसलंडच्या हाफथोर ब्योर्नसनने २ मे २०२० रोजी जमिनीवरून ५०१ किलो उचलले तेव्हा त्याचे स्वतःचे वजन सुमारे २०५ किलो होते, अंगात खास सूट होता आणि मनगटांना पट्टे बांधलेले होते. गामाच्या पराक्रमाला कमी लेखण्यासाठी हे सांगत नाही. एखाद्या आकड्याला अर्थ यायचा तर उचलणाऱ्याचे वजन किती, त्याने कशाची मदत घेतली आणि वजन कुठून कुठपर्यंत नेले, हे सोबत कळावे लागते, एवढाच मुद्दा आहे. पॉवरलिफ्टिंग म्हणजे तीन प्रकारांत वजन उचलून त्यांची बेरीज करण्याचा खेळ : बार खांद्यांवर घेऊन बसून उठणे (स्क्वॉट), पाठीवर झोपून बार छातीपर्यंत आणून वर ढकलणे (बेंच प्रेस) आणि जमिनीवरचा बार उचलून ताठ उभे राहणे (डेडलिफ्ट). त्याचा इतिहास हा बऱ्याच अंशी या तीन गोष्टी एकमेकींपासून सोडवून घेण्याच्या खटपटीचा इतिहास आहे.

आपल्या तालमींना हा प्रश्न नवा नव्हता. कुस्तीच्या फडात काट्यावर चढवून गट पाडण्याची पद्धत येण्यापूर्वी जाणती माणसे अंगपिंड पाहून जोड लावत, आणि जोड चुकली तर प्रेक्षकच ओरडत. बडोद्याला तर या विद्येची मोठी परंपरा आहे. जुम्मादादांच्या नावाचे व्यायाम मंदिर प्रोफेसर माणिकरावांनी नावारूपाला आणले, आणि १९३६ ते १९४९ या काळात मराठी व्यायाम ज्ञानकोशाचे दहा खंड याच शहरातून निघाले. गदा, करेल, नाल, संतोला अशी वजनाची साधने तालमीत पूर्वापार होती. मात्र नाल कोणी उचलली हे लोकांच्या लक्षात राही. उचलणारा किती किलोचा होता, हे कोणी टिपून ठेवत नसे.

देह वाढला की ताकद किती वाढते, याचे गणित पॉवरलिफ्टिंगपेक्षा फार जुने आहे. गॅलिलिओने १६३८ साली दाखवून दिले होते की एखादी वस्तू सर्व बाजूंनी मोठी केली तर तिचे घनफळ लांबीच्या घनाने वाढते आणि छेदाचे क्षेत्रफळ केवळ वर्गाने. स्नायूचा जोर त्याच्या छेदावर अवलंबून असतो आणि शरीराचे वजन घनफळावर. म्हणून वजन वाढते त्या मानाने ताकद मागे पडते. लिट्झके या संशोधकाने १९५६ साली वेटलिफ्टिंगचे विक्रम घेऊन हे ताडून पाहिले, तेव्हा ताकद देहाच्या वजनाच्या जवळजवळ दोन-तृतीयांश घाताने वाढते, असे आढळले. सोप्या भाषेत सांगायचे तर साठ किलोच्या माणसाची तीन प्रकारांतली बेरीज ४०० किलो असेल, तर तितक्याच कसाच्या एकशेवीस किलोच्या माणसाकडून ८०० नव्हे, सुमारे ६३५ किलोंची अपेक्षा धरावी. ‘स्वतःच्या वजनाच्या किती पट’ हे जिममधले आवडते माप म्हणूनच हलक्या माणसाला झुकते माप देते, आणि नुसते किलो मोजले तर जड माणूस आपोआप पुढे जातो.

हा खेळ स्वतंत्रपणे उभा राहिला तो साठच्या दशकात. त्यापूर्वी अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये ऑलिंपिकबाहेरच्या किरकोळ प्रकारांत तो मोडत असे. स्क्वॉट, बेंच प्रेस आणि डेडलिफ्ट हे त्रिकूट पक्के झाल्यावर १९७२ साली आंतरराष्ट्रीय महासंघ स्थापन झाला आणि १९८० पासून स्त्रियांच्या जागतिक स्पर्धा सुरू झाल्या. जोड लावण्याचे काम वजनगटांनी केले. पण सर्व गटांतून एकच श्रेष्ठ निवडायचा तर सूत्र लागते. अनेक सूत्रांनंतर नव्वदच्या दशकात ऑस्ट्रेलियाच्या रॉबर्ट विल्क्स यांचे गुणांक, म्हणजे देहाच्या वजनानुसार बेरजेला ज्यांनी गुणायचे ते आकडे, रूढ झाले. त्यांनी दोन-तृतीयांशाचा सरळ नियम न वापरता पाचव्या घातापर्यंतची बहुपदी, म्हणजे हवी तशी वळणारी रेघ देणारे समीकरण, घेतली. सर्वांत जड गटात वाढलेल्या किलोंत स्नायूंबरोबर चरबीही असते आणि तिथे सरळ नियमाची रेघ वाकते.

काटा एक गोष्ट मोजत नाही : हाडांची लांबी. लामार गँट या अमेरिकन खेळाडूच्या कण्याला बाक होता आणि हात धडाच्या मानाने विलक्षण लांब होते. १९८५ साली त्याने साठ किलोंच्या गटात सुमारे ३०० किलो, म्हणजे स्वतःच्या पाचपट, डेडलिफ्ट केली. त्याच्या हातांना बार उचलून फार वर न्यावाच लागत नसे. उलट पोलंडचा आंद्झेई स्तानाशेक जेमतेम चार फुटांचा. ५२ किलोंच्या गटात त्याने स्क्वॉटमध्ये ३०० किलोंपलीकडे मजल मारली, कारण आखूड मांड्यांना खाली जाऊन वर येण्याचे अंतरच थोडे. बेंचवर रुंद छाती आणि सुटलेले पोट बारचा प्रवास कमी करतात. बाहेरच्या जगात ज्या पोटाबद्दल बोलणी खावी लागतात, त्याचा इथे उपयोग होतो.

आणि मग कापड आले. सुरुवातीच्या काळात गुडघ्यांमागे अर्धे कापलेले टेनिसचे चेंडू दडवणे, अंगाला चादरी आवळून बांधणे असे उद्योग चालत. सत्तरच्या दशकात घट्ट सूट आले आणि १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला जॉन इन्झर यांनी बेंच शर्ट बाजारात आणला. हा शर्ट म्हणजे काय, हे मला आमच्या भागातल्या एका छोट्या स्पर्धेच्या मागच्या खोलीत प्रथम कळले. पंचाहत्तर किलोंचा एक मुलगा हात पुढे ताठ धरून उभा होता, दोन सोबती बाह्या इंचाइंचाने दंडावर ओढत होते, आणि दहा मिनिटांनंतर त्याला हात खाली करता येईनात. टेकवलेल्या दांड्यासारखे ते समोर राहिले. दंडाच्या आतल्या बाजूला लाल वळ उठले होते. गंमत अशी की हलका बार त्याच्या छातीला लागतच नव्हता. शर्ट ताणून बार छातीपर्यंत आणायलाच त्याला मोठे वजन घालावे लागले, आणि छातीवरून सुटताना तेच ताणलेले कापड बारला वर ढकलत होते. स्क्वॉटच्या सूटचे आणि गुडघ्याला आवळून गुंडाळायच्या दोन मीटर लांबीच्या पट्टीचे, म्हणजे रॅपचेही असेच आहे. डेडलिफ्टला मात्र कापडाचा फायदा कमी, कारण तिथे आधी खाली जाऊन ताण साठवण्याची संधी नसते.

फरक किती पडतो? रायन केनेली याने २००८ साली शर्टात सुमारे ४८७ किलो बेंच केले, तर ज्युलियस मॅडॉक्सने २०२१ साली शर्टाविना ३५५. शर्टवाल्या आकड्यात माणूस किती आणि शिवण किती, हे वेगळे काढता येत नाही, आणि माझी या प्रकाराबद्दलची तक्रार हीच आहे. आंतरराष्ट्रीय महासंघाने कापडाचा एकच थर मान्य केला. इतर संघटनांनी अनेक थर, कॅनव्हास आणि डेनिमही चालू दिले. मग २०१२ साली स्टॉकहोमला साधनांविना ‘क्लासिक’ करंडक झाला, आणि पुढच्या वर्षी रशियातील सुझदल येथे त्याची अधिकृत जागतिक स्पर्धा. पट्टा, मनगटाचे रॅप आणि गुडघ्यावर ओढून चढवायचे स्लीव्ह तिथेही चालतात, त्यामुळे ‘साधनांविना’ हा शब्द जरा सैलच आहे.

कापड उतरल्यावर जुनी सूत्रे अपुरी ठरली. सूट प्रत्येक देहाला सारखा हात देत नाही, त्यामुळे एका प्रकारच्या आकड्यांवर बेतलेला गुणांक दुसऱ्याला लावला की जोड चुकते. महासंघाने २०१९ साली विल्क्सचे गुणांक बाजूला ठेवले आणि नव्या गुणांत स्त्री-पुरुष, क्लासिक आणि साधनांसह, तीन प्रकारांची बेरीज आणि नुसता बेंच, अशा सर्वांसाठी वेगवेगळे आकडे दिले. २०२० पासून त्याचीही सुधारित आवृत्ती लागू आहे. वजनगट त्याआधी २०११ मध्ये बदलले होते : पुरुषांचे ५९, ६६, ७४, ८३ असे चढत १२० आणि त्यापुढे.

तरीही देह आपली वाट काढतोच. लवचीक कण्याचे हलके खेळाडू बेंचवर इतकी कमान करू लागले की बारचा प्रवास चार बोटांवर आला. २०२३ पासून नियम असा आहे की बार छातीला लागताना कोपराची खालची बाजू खांद्याच्या सांध्याच्या वरच्या पातळीला किंवा तिच्याखाली यायला हवी. त्यामुळे बाजूला बसलेल्या पंचाची नजर आता बारपेक्षा कोपरावर अधिक असते.