गोगँची ताहिती-चित्रे व त्यांची लिलावविक्री

उत्तर-दृक्‌प्रत्ययवादी (पोस्ट-इम्प्रेशनिस्ट) फ्रेंच चित्रकार पॉल गोगँ (१८४८–१९०३) याने दक्षिण पॅसिफिकमधील बेटांवर रंगविलेली चित्रे. उष्ण कटिबंधीय बेटाचा विषय त्याने १८८७ मध्ये मार्तिनीक येथेच हाताळला होता. तथापि ‘ताहिती-चित्रे’ ही संज्ञा १८९१–९३ आणि १८९५–१९०३ या दोन मुक्कामांतील कामाला लावतात. १९०१ पासूनची चित्रे मार्केसस समूहातील हीव्हा ओआ बेटावरची आहेत. काटेकोरपणे ती ताहितीची नव्हेत, पण सोयीसाठी तीही येथे धरली आहेत.

सपाट, दाट रंगपट्टे, ठसठशीत बाह्यरेषा आणि छायाप्रकाशाला दिलेला फाटा ही या चित्रांची परिचित लक्षणे. पुष्कळ चित्रे जाडसर गोणपाटावर आहेत. त्यांतील ‘आदिम’ जग मात्र बरेचसे रचलेले आहे. गोगँ पोहोचला तेव्हा ताहिती फ्रेंच वसाहत होती आणि मिशनऱ्यांनी आणलेले गळाबंद झगे तेथे रुळले होते. जावामधील बोरोबुदूर या बौद्ध स्तूपावरील शिल्पपटांची छायाचित्रे त्याच्याजवळ होती; ‘इआ ओराना मारिया’ (१८९१) मधील हात जोडून उभ्या असलेल्या स्त्रिया तेथूनच आल्या आहेत. ‘नाफेआ फाआ इपोइपो’ (१८९२) या चित्रात पुढे लाल वस्त्रातील, कानामागे पांढरे फूल खोवलेली तरुणी ओणवून बसली आहे. मागच्या गुलाबी झग्यातील स्त्रीचा उचललेला हात काही अभ्यासकांना बौद्ध मुद्रेसारखा वाटतो.

चित्रांच्या शीर्षकांचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. गोगँ ती बहुधा चित्रावरच ताहिती भाषेत लिही, पण त्याचे भाषाज्ञान बेताचे होते. शब्द कानाला लागतील तसे तो लिहीत असे; कंठ्य स्फोट (घशात क्षणभर अडून सुटणारा ध्वनी) आणि दीर्घ स्वर त्यात गळतात, त्यामुळे एकाच शीर्षकाचे दोन-तीन वाचन संभवतात. ‘मानाओ तुपापाऊ’ (१८९२) याचे ‘ती भुताचा विचार करते’ आणि ‘भूत तिचा विचार करते’ असे दोन्ही अर्थ खुद्द गोगँनेच नोंदविले आहेत. ताहितीत दीर्घकाळ राहिलेले मानवशास्त्रज्ञ बेंग्ट डानिएलसन यांनी १९६७ मध्ये या शीर्षकांची छाननी केली. त्यांचे अर्थ आज सामान्यतः ग्राह्य धरले जातात. ‘नोआ नोआ’ या गोगँच्या पुस्तकावर मात्र पुरावा म्हणून फार विसंबता येत नाही. त्यातील पुराणकथा बव्हंशी मोरेनहाउट याच्या १८३७ च्या प्रवासग्रंथातून उचललेल्या आहेत. तेहामाना या अल्पवयीन ताहिती मुलीशी गोगँने ठेवलेल्या संबंधाची चर्चाही याच पुस्तकावरून सुरू होते.

विक्रीचा इतिहास प्रवासाआधीच सुरू होतो. फेब्रुवारी १८९१ मध्ये पॅरिसच्या ऑतेल द्रुओ लिलावगृहात ३० चित्रे विकून गोगँने वाटखर्च उभा केला. परतल्यावर १८९३ चे द्यूराँ-र्‍युएल या कलादालनातील प्रदर्शन त्याच्या अपेक्षेप्रमाणे खपले नाही आणि १८९५ च्या दुसऱ्या लिलावात बहुतेक चित्रे त्याला स्वतःलाच परत घ्यावी लागली. १९०० पासून चित्रविक्रेता व्होलार त्याला दरमहा ३०० फ्रँक देऊ लागला.

गोगँच्या मृत्यूनंतर सप्टेंबर १९०३ मध्ये ताहितीतील पापेएते येथे त्याच्या चीजवस्तूंचा लिलाव झाला. नौदलातील डॉक्टर व लेखक व्हिक्तॉर सेगालें याने तेथे एक हिमदृश्य ७ फ्रँकना घेतले. ते उलटे धरून ‘नायगारा धबधबा’ म्हणून पुकारले गेले होते. हे ‘बर्फातील ब्रेतॉन खेडे’ (म्यूझे दॉर्से, पॅरिस) गोगँने मरणापूर्वी बेटावर रंगविले, ही सेगालेंमुळे रूढ झालेली समजूत. ते १८९४ च्या सुमारास ब्रिटनीतच रंगवून बरोबर नेले असावे, हा पर्याय अधिक संभाव्य दिसतो. त्याच लिलावात ‘मातेरनिते’ (दुसरे; १८९९) १५० फ्रँकना गेल्याचा उल्लेख आढळतो. मूल अंगावर घेतलेली स्त्री आणि तिच्यामागे फळे-फुले घेऊन उभ्या दोघी असे हे गोणपाटावरील चित्र २००४ मध्ये सदबीज या लिलावसंस्थेकडे ३.९२ कोटी डॉलरना आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये क्रिस्तीज या लिलावसंस्थेने केलेल्या, मायक्रोसॉफ्टचे सहसंस्थापक पॉल ॲलन यांच्या संग्रहाच्या विक्रीत १०.५७ कोटी डॉलरना विकले गेले. गोगँच्या चित्राला लिलावात १० कोटींवर किंमत प्रथमच मिळाली. ‘माता मुआ’ला (१८९२) १९८९ मध्ये २.४२ कोटी, तर ‘कुऱ्हाडवाला माणूस’ला (१८९१) २००६ मध्ये ४.०३ कोटी डॉलर मिळाले होते. ‘ते बुराओ’ (दुसरे, १८९७) २०१९ मध्ये पॅरिसमध्ये ९५ लाख युरोला गेले.

हे आकडे सरळ तुलनेचे नव्हेत. जाहीर होणाऱ्या रकमेत हातोडा पडताना ठरलेल्या बोलीखेरीज खरेदीदाराचे शुल्क धरलेले असते आणि चलनवाढ धरलेली नसते. खाजगी सौद्यांचे आकडे तर आणखी जपून घ्यावेत: ‘नाफेआ’ २०१५ मध्ये ३० कोटी डॉलरना विकल्याचे जगभर छापून आले, पण २०१७ मध्ये लंडनच्या न्यायालयात ती रक्कम २१ कोटी असल्याचे उघड झाले. पुरवठाही तुटपुंजा आहे. श्चुकिन व मरोझॉव्ह या रशियन संग्राहकांनी घेतलेली चित्रे मॉस्को व सेंट पीटर्झबर्ग येथील संग्रहालयांत आहेत, तर ‘आपण कोठून आलो?’ हा पावणेचार मीटर रुंदीचा पट (१८९७–९८) १९३६ पासून बॉस्टनमध्ये आहे.

भारतीय संदर्भात अमृता शेरगिल यांचे पॅरिसमध्ये रंगविलेले ‘ताहितीयन रूपातील आत्मचित्र’ (१९३४) उल्लेखनीय आहे.